बीकन टेकडीवरचे डॉक्टर रिझाल

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात बीकन हिल नावाची टेकडी आहे. चिनी, जपानी, फिलिपिनो लोकांच्या जुन्या वस्तीतून या टेकडीवर जायचं तर एक पोलादी कमानीचा पूल ओलांडावा लागतो. पूल १९११ सालचा. टेकडी कापून काढलेला रस्ता त्याच्या खाली खोलवर दिसतो. पुलाचं नाव डॉक्टर होसे रिझाल पूल. मी या शहरात राहायला आले तेव्हा कित्येक महिने बसनं याच पुलावरून कामावर जात होते, आणि रिझाल म्हणजे इथलाच कुणी जुना महापौर असेल असं समजत होते. मग रुग्णालयातल्या एका ज्येष्ठ फिलिपिनो परिचारिकेला मी विचारलं. आम्ही सगळ्या तिला 'आते' म्हणतो. आपल्याला ऐकताना आत्या आठवते, पण त्यांच्या टागालोग भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. आते म्हणाली, "तो आमचा डोळ्यांचा डॉक्टर." आणि सुट्टीच्या दिवशी मला पूल ओलांडून वरच्या बागेत घेऊन गेली.

होसे रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१चा, मनिलाजवळच्या कालांबा गावचा. फिलिपिन्सवर तेव्हा स्पेनचं राज्य होतं. आईची दृष्टी जात चालली होती म्हणून त्यांनी नेत्रवैद्यक निवडलं. माद्रिद, पॅरिस, हायडेलबर्ग इथे शिकले. १८८६ साली ते हायडेलबर्गच्या नेत्ररुग्णालयात शिकत होते, त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. रिझालांनी युरोपात राहून दोन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १८८७ साली बर्लिनला छापली, दुसरी १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला. ख्रिस्ती मठाधिपतींची जुलूमशाही, कुळांची पिळवणूक, शिकू पाहणाऱ्या पोरांची कुचंबणा, सगळं त्यात होतं. सरकारनं त्यांना चार वर्षं दापितान या दूरच्या गावी हद्दपार करून ठेवलं. तिथे त्यांनी दवाखाना चालवला, शाळा काढली, गावाला नळाचं पाणी आणलं. शेवटी बंडाचा आरोप ठेवून ३० डिसेंबर १८९६च्या सकाळी मनिलाच्या मैदानावर त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं पस्तीस. आदल्या दिवशी भेटायला आलेल्या बहिणीला त्यांनी आपला स्पिरिटचा छोटा स्टोव्ह देऊन टाकला आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत सांगितलं, आत काहीतरी आहे. आत घडी केलेल्या कागदावर शेवटची कविता होती.

आता एक आक्षेप मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे, कारण तो फिलिपिनो माणसंच पोटतिडकीनं मांडतात. स्पेननंतर फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं. नव्या राज्यकर्त्यांना स्पेनविरुद्ध शस्त्र घेतलेला क्रांतिकारक आन्द्रेस बोनिफासियो नको होता, सुधारणा मागणारा रिझाल सोयीचा होता, म्हणून त्यांनीच रिझालला राष्ट्रपुरुष केलं, असं ते म्हणतात. यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकी राजवटीनं एका प्रांताला रिझालांचं नाव दिलं, आणि मनिलातलं मोठं स्मारक त्याच राजवटीत, १९१३ साली उभं राहिलं. पण रिझालांचं पहिलं स्मारक त्याआधीचं आहे. ते दाएत नावाच्या गावात लोकांनी वर्गणी काढून बांधलं. ३० डिसेंबर हा रिझाल दिन पाळण्याचा हुकूम स्वतंत्र फिलिपिन्सचे अध्यक्ष आगिनाल्दो यांनी काढला. दोन्ही गोष्टी १८९८च्या, अमेरिकी अंमल बसायच्या आधीच्या. याच काळात आपल्याकडे टिळक रायगडावरच्या महाराजांच्या समाधीसाठी निधी गोळा करत होते. परक्या राज्यात दगडावर दगड रचून आपला माणूस जपणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको.

सिएटलला आलेल्या फिलिपिनो लोकांनी हाच माणूस मनात आणला होता. १९२० आणि १९३०च्या दशकांत हजारो तरुण आले, बहुतेक इलोकोस भागातले, शेतकऱ्यांची पोरं. त्यांना मनाँग म्हणत. इलोकानो भाषेतला हा शब्द म्हणजे आपला 'दादा'. उन्हाळ्यात ते सिएटलच्या धक्क्यावरून बोटीनं अलास्काला जायचे. तिथे डबाबंद मासे तयार करण्याच्या कारखान्यांत दिवसरात्र सामन मासे साफ करायचे. राहायला दाटीवाटीच्या खोल्या, आणि पगारातून मुकादम आपला वाटा कापून घेणार. १९३३ साली त्यांनी स्वतःची कामगार संघटना उभी केली. तीन वर्षांनी तिच्या अध्यक्षाचा आणि चिटणीसाचा गोळ्या घालून खून झाला.

कायद्यानंही त्यांना उपरंच ठेवलं होतं. १९३४च्या कायद्यानं फिलिपिन्समधून वर्षाला फक्त पन्नास माणसांना येण्याची परवानगी उरली. १९३७ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं परकीयांना जमीन घेण्याची बंदी फिलिपिनोंनाही लावली. पिओ दे कानो नावाचे त्यांचे पुढारी याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९४१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ उजाडावं लागलं. श्रोतेहो, त्या एकाच कायद्यानं तो हक्क फिलिपिनोंना दिला आणि भारतीयांनाही दिला. आज अमेरिकेत घर घेणाऱ्या, मत देणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे ठाऊक असावं असं मला फार वाटतं. आमची नावं एका कागदावर शेजारी शेजारी आहेत.

या सगळ्या काळात दरवर्षी रिझाल दिन मात्र चुकला नाही. बहुतेकांना परत जाता आलं नाही, पुष्कळांची लग्नंही झाली नाहीत. वर्षभर सामानवाहू, आचारी, शेतमजूर म्हणून राबणारी ही माणसं त्या दिवशी इस्त्रीचा सूट घालून भाड्याच्या सभागृहात जमायची. भाषणं व्हायची, बँड वाजायचा, नाच व्हायचा. स्वतःची जागा व्हायला १९६५ साल उजाडलं. एक जुनी बोलिंगची इमारत विकत घेऊन त्यांनी समाजमंदिर केलं.

टेकडीवरचं स्मारक त्यानंतरचं. फिलिपिनो समाजाच्या आग्रहामुळे १९७४ साली पुलाला रिझालांचं नाव मिळालं, आणि शेजारच्या उतारावरची बाग १९७९ साली त्यांच्या नावानं खुली झाली. बागेत रिझालांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. जवळच व्हॅल लायगो या फिलिपिनो चित्रकारानं रंगीत तुकड्यांचं तीन भागांचं भित्तिचित्र केलं आहे, त्याचं नाव 'पूर्व म्हणजेच पश्चिम'. पुतळा लहान आहे. मनिलातल्या स्मारकापुढे तर अगदीच लहान. तरी मला तो मोठा वाटतो, कारण त्याच्यासोबत पूल आहे. पुतळा बघायला मुद्दाम जावं लागतं. पुलाचं नाव बसचालकाच्या, पोस्टमनच्या, शाळेतल्या पोरांच्या तोंडी बसतं. ज्यांना जमीन घेता येत नव्हती त्यांच्या माणसाच्या नावावरून अख्खं शहर ये-जा करतं.

बाग सांभाळणं सोपं नाही. उतारावर काटेरी ब्लॅकबेरी माजते, ती उपटावी तेवढी पुन्हा येते. खाली महामार्गाची अखंड घरघर असते. शेजारी जुन्या रुग्णालयाची उंच इमारत आहे, तिथे काही वर्षं ॲमेझॉनचं मुख्य कार्यालय होतं. आपली कितीतरी मुलं त्या इमारतीत काम करून गेली असतील आणि खिडकीतून ही बाग त्यांना दिसली असेल.

आते आता निवृत्त झाली आहे. तिचे वडील १९२९ साली आले, अलास्काच्या चौदा फेऱ्या केल्या, पन्नाशीत लग्न केलं. ती पुतळ्यापाशी ३० डिसेंबरला जात नाही, २९ला जाते. सिएटल मनिलाच्या सोळा तास मागे आहे. तिथे ३० तारखेच्या सकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा इथे २९ तारखेच्या दुपारचे तीन. रिझालांना सात वाजून तीन मिनिटांनी गोळ्या घातल्या असं तिला वडिलांनी सांगितलं होतं. गेल्या डिसेंबरमध्ये मीही तिच्यासोबत गेले. पाऊस भुरभुरत होता. खाली राखाडी समुद्र आणि धक्के दिसत होते. तिनं वडिलांची बोट कुठून सुटायची ती जागा बोटानं दाखवली, घड्याळ पाहिलं, आणि छत्री मिटून उभी राहिली.