चावी नसलेला स्टोव्ह

मित्रहो, माझ्या हातातली ही वस्तू मागच्या रांगेतून कदाचित दिसणारही नाही. शीतपेयाच्या दोन रिकाम्या कॅनची बुडे एकमेकांत बसवून केलेला हा स्पिरिटचा स्टोव्ह आहे. याची उंची साडेचार सेंटीमीटर आहे, रुंदी साडेसहा आणि वजन १५ ग्रॅमच्या आत. पाठीवर ओझे घेऊन दोन-तीन दिवस चालणाऱ्या माणसाला हे वजन जाणवतसुद्धा नाही. तो कसा बनवायचा हे मी सांगणारच आहे, परंतु त्याआधी याच्यात काय नाही याकडे आपले लक्ष वेधतो. याला पंप नाही, वात नाही, वेगळी टाकी नाही आणि चावीही नाही. गॅसची ज्योत आपण बटण फिरवून लहानमोठी करतो; रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पंप मारून दाब वाढवतो आणि चावी सैल करून तो सोडून देतो. हा स्टोव्ह एकदा पेटला की आपल्या हातात फारसे काही उरत नाही. ज्योत किती मोठी व्हायची, ती कुठून निघायची आणि किती वेळ टिकायची, हे त्याला दाभणाने भोके पाडली तेव्हाच बहुतांशी ठरून गेलेले असते. म्हणून हा स्टोव्ह पेटवण्याआधीच समजून घ्यावा लागतो.

पहिली शंका बहुतेकांना येते ती अशी, की इतका पातळ पत्रा वितळत कसा नाही? कॅनच्या भिंतीची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाएवढी असते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि स्पिरिटची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. तरीही पत्रा शाबूत राहतो, कारण त्याला आतून द्रवाचा स्पर्श असतो. स्पिरिटमधले मुख्य द्रव्य, इथेनॉल, ७८ अंशांना उकळते. द्रव शिल्लक आहे तोवर पत्र्यापर्यंत येणारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते आणि पत्र्याचे तापमान उकळबिंदूच्या फार वर जात नाही. वरची कड थोडी अधिक तापते, पण ॲल्युमिनियम उष्णता चटकन वाहून नेते, त्यामुळे तिथली उष्णताही खाली द्रवाकडे ओढली जाते. द्रव संपतो तेव्हा ज्योतही संपते, आणि पत्रा वितळण्याची वेळ येतच नाही. इंधनच आपल्या भांड्याला थंड ठेवते, ही या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

आता याची अंतर्रचना पाहू. हा एक मी मुद्दाम उभा कापून आणला आहे. बाहेरची भिंत तर दिसतेच. तिच्या आत पत्र्याचीच दुसरी गोल भिंत आहे. दोन्हींच्या मध्ये कड्यासारखी अरुंद पोकळी आहे आणि वरच्या कडेवर या पोकळीत उघडणारी बारीक भोके आहेत. आतल्या भिंतीला तळाशी तीन छोट्या खाचा आहेत. मधल्या वाटीत स्पिरिट ओतले की ते या खाचांतून बाहेरच्या पोकळीत शिरते आणि दोन्हीकडे सारख्या पातळीवर उभे राहते. काडी लावल्यावर आधी फक्त मधली वाटी पेटते, पणतीसारखी, संथपणे. अर्ध्या-एक मिनिटात भिंती तापतात, पोकळीतले स्पिरिट उकळू लागते आणि त्याची वाफ कडेवरच्या भोकांतून बाहेर पडून पेट घेते. कडेभोवती निळ्या ज्योतींचे कडे उमटते, त्यालाच आम्ही स्टोव्ह ‘लागला’ असे म्हणतो.

पण वाफ खाली खाचांतून मधल्या वाटीत का निसटत नाही? कारण खाचा द्रवात बुडलेल्या असतात. दीड-दोन सेंटीमीटर उंचीचा तो द्रव बुचाचे काम करतो. त्याचा दाब फार तर दीडशे पास्कल भरेल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या हजारात दोन हिस्सेसुद्धा नाही. १८९२ साली स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह आला, त्यात रॉकेलवर हवेचा दाब देण्यासाठी पंप होता, जाड पितळी टाकी होती. इथे तेच काम दोन बोटे द्रव करतो. हाच दाब स्टोव्हचा शेवटही ठरवतो. द्रव खाचांच्या खाली उतरला की बूच सुटते, वाफेला मोकळी वाट मिळते, कडेच्या ज्योती एकेक करून बसतात आणि मधली थोडा वेळ तेवून जाते. स्टोव्ह संपत आला आहे हे त्यावरून कळते.

बनवण्यासाठी एकाच मापाचे दोन रिकामे कॅन, दाभण, पातळ पाते, कात्री, पॉलिश पेपर आणि हातमोजे एवढे सामान पुरते. हातमोजे मी शोभेला सांगत नाही. या पत्र्याची कापलेली कड पात्यासारखीच चालते. भोके कॅन कापण्याआधी पाडावीत, कारण अखंड कॅन हाताखाली दबत नाही. बुडाची कड जिथे वळते त्या उतारावर समान अंतराने १६ ते २४ खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर दाभण दाबून न मारता फिरवत आत घालावे. भोक १ मिलिमीटरहून मोठे होऊ देऊ नये. माझ्या पहिल्या स्टोव्हला मी उत्साहाच्या भरात चाळीस भोके पाडली होती, तीही खिळ्याने. ज्योती एकमेकींत मिसळून पातेल्याच्या कानापर्यंत चढल्या, पाणी उकळायच्या आत इंधन संपले, आणि हे भोक बुजवता येत नाही हे त्या दिवशी कळले. म्हणून आधी कमी आणि बारीक भोके पाडावीत. वाढवणे केव्हाही शक्य असते.

कापताना कात्री सरळ घातली तर कड दातेरी होते. त्याऐवजी पाते एका जाड पुस्तकाच्या पानांत आडवे धरून ठेवावे, टोक जेमतेम बाहेर राहील असे. कॅन जमिनीवर उभा करून त्या टोकाला हलकेच टेकवावा आणि जागच्या जागी फिरवत राहावे. जोर लावायचा नाही, नुसता स्पर्श ठेवायचा. पहिल्या फेऱ्यांत काहीच घडत नाही असे वाटते. दहा-बारा फेऱ्यांनंतर रंगाखालून चंदेरी रेघ दिसू लागते, फिरण्याचा आवाज बदलतो, किंचित कोरडा होतो. तेव्हा थांबावे आणि अंगठ्याने त्या रेघेच्या कडेला दाबावे. पत्रा एका ठिकाणी टचकन सुटतो आणि मग उसवल्यासारखा रेघेवरून गोल उलगडत जातो. असे बुडाचे दोन तुकडे घ्यावेत, भोकांचा एक आणि साधा एक, प्रत्येकी सुमारे ३ सेंटीमीटर उंचीचा. भोकांच्या तुकड्याच्या बुडातला मधला घुमट याच रीतीने कापून काढावा. उरलेल्या पत्र्यातून सुमारे ४ सेंटीमीटर रुंदीची पट्टी घेऊन तिच्या एका कडेला तीन खाचा द्याव्यात; ती गोल करून, खाचा खाली ठेवून, बुडाच्या आतल्या गोल खोबणीत उभी करावी.

दोन तुकडे एकमेकांत बसवणे हा सगळ्यात किचकट भाग. दोघांचा व्यास एकच असल्यामुळे ते कडेला कड लावून अडून बसतात. यावर उपाय म्हणजे न उघडलेला भरलेला कॅन घेऊन त्याचे निमुळते बूड साध्या तुकड्यात हळूहळू दाबावे, म्हणजे तुकड्याची कड केसभर फाकते. मग भोकांचा तुकडा त्यात उतरवावा, पट्टीची वरची कड त्याच्या खोबणीत आली आहे ना ते पाहत, आणि सपाट फळीने वरून सारखे दाबावे. पत्रा चिरला तर तो तुकडा टाकून द्यावा आणि नवा घ्यावा. सांधा पुरेसा घट्ट बसला तर चिकटवण्याची गरज पडत नाही. एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. कॅनला आतून लाखेसारखा थर असतो आणि बाहेरून रंग. पहिल्या पेटवणीला तो करपतो आणि उग्र धूर येतो. ती पेटवणी उघड्यावर करावी आणि त्यावर काही शिजवू नये.

इंधनाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. इथेनॉल सर्वांत चांगले. त्यात पाणी जितके कमी तितकी ज्योत स्वच्छ. बाजारात मिळणाऱ्या डीनेचर्ड स्पिरिटमध्ये ते पिण्याजोगे राहू नये म्हणून मिथेनॉल किंवा इतर द्रव्ये मिसळलेली असतात, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचावा. निव्वळ मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, म्हणून स्टोव्ह झटपट लागतो. पण त्याची उष्णता इथेनॉलच्या तीन चतुर्थांश आणि ते विषारी आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर आघात करते. ते त्वचेतूनही शोषले जाते. मी ते वापरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल पिवळ्या ज्योतीने जळते आणि पातेल्यावर काजळी धरते. दाट सॅनिटायझरमध्ये पाणी आणि घट्ट करणारे पदार्थ असतात, ते खाचांतून नीट वाहतच नाही. पेट्रोल या स्टोव्हमध्ये कधीही, कोणत्याही कारणाने ओतू नये.

अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून उकळायला १६७ किलोज्यूल उष्णता लागते. २० मिलिलिटर इथेनॉल जळून सुमारे ४२० किलोज्यूल निघते. म्हणजे चाळीस टक्के उष्णता पाण्यात पोहोचली तरी तेवढ्यात काम होते, आणि वाऱ्याला आडोसा असला तर एवढी पोहोचते. आडोसा नसेल तर याच्या दुप्पट इंधन घालूनही पाणी नुसते कोमट राहिलेले मी पाहिले आहे. आडोशासाठी पातळ पत्र्याची पट्टी पातेल्याभोवती एक सेंटीमीटर अंतर ठेवून उभी करावी आणि तिला खालून हवेसाठी भोके ठेवावीत. तो अगदी चिकटून आणि बंद असेल तर उष्णता स्टोव्हवरच परत येते, स्पिरिट बेफाम उकळते आणि ज्योती आवरत नाहीत. पातेल्याच्या उंचीचेही तसेच आहे. स्टोव्हच्या कडेपासून ते तीन-चार सेंटीमीटर वर असावे. त्याहून खाली आणले तर ज्योतीला हवा कमी पडते, ती पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. त्याला वास नसतो. तंबूच्या आत हा स्टोव्ह पेटवू नये, बाहेर पाऊस असला तरीही.

थंडीत हा स्टोव्ह हट्टी होतो. इथेनॉल साधारण १३ ते १७ अंशांच्या खाली असेल तर पेट घेण्याइतकी वाफ त्यावर जमत नाही. अशा वेळी बाटली काही वेळ अंगावरच्या कपड्यात ठेवावी आणि स्टोव्हखाली लाकडाचा तुकडा द्यावा, कारण गार दगड उष्णता खाऊन टाकतो.

मोठ्या मुक्कामासाठी हा स्टोव्ह मी सुचवणार नाही. वजनाच्या मानाने ब्यूटेन वायूत इथेनॉलच्या दीडपटीहून अधिक उष्णता असते, त्यामुळे तीन-चार दिवसांनंतर हलक्या स्टोव्हचा फायदा जड बाटली गिळून टाकते. शिवाय ज्या गुणाने मी सुरुवात केली, तोच याचा दोष आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या अनेक जंगलांत कोरड्या हंगामात चावीने बंद करता येणाऱ्या गॅस स्टोव्हला परवानगी मिळते, पण स्पिरिटच्या स्टोव्हला मिळत नाही. नियम योग्यच आहे. लवंडलेला गॅस स्टोव्ह बंद करता येतो; लवंडलेले स्पिरिट पेटतच गवतात शिरते. स्वीडनच्या त्रांगिया कंपनीचा पितळी बर्नर याच तत्त्वावर चालतो, पण त्याला ज्योत कमी करण्यासाठी सरकती चकती असलेले झाकण आहे. आपल्या कॅनला तेवढेही नाही; विझवायचे झाले तर मोठा डबा उपडा घालून हवा तोडायची.

आणि जळत्या स्टोव्हमध्ये पुन्हा स्पिरिट ओतायचे नाही. एका दुपारी, रणरणत्या उन्हात, स्टोव्ह विझला असे समजून मी बाटली तिरकी केली. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतच नाही. धारेवरून आग बाटलीच्या तोंडाशी आली ती मला दिसली नाही, बोटांना कळली. बाटली हातातून सुटली, जवळ वाळलेले काही नव्हते म्हणून निभावले. तेव्हापासून मी इंधन मोजून छोट्या बाटलीत घेतो आणि मोठी बाटली दहा पावले दूर ठेवतो.

समोरचा हा स्टोव्ह मी बोलता बोलता पेटवला होता, त्याला आता सात मिनिटे झाली. सभागृहातले दिवे लागलेले आहेत, आणि माझ्या जागेवरून पाहता तो विझलेला दिसतो. आपल्यालाही तसेच दिसत असावे. मी बाटलीला हात लावत नाही. कागदाची ही लांब पट्टी वरून धरतो. पाहा, टोक काळे पडले, आणि आता पेटले. हा डबा त्यावर उपडा घालतो आणि पूर्ण गार होईपर्यंत तसाच ठेवतो. तोवर कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर विचारावेत.