थोरलीचं स्थळ आणि शहात्तर भागांची राणी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय कोरियन आणि चायनीज सिरियलींबद्दल. घरोघरची पोरं त्यांना के-ड्रामा, सी-ड्रामा म्हणतात आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईल घेऊन बघतात, ते. मला आवडतात का? आवडतात. वैताग येतो का? येतो की, आणि बऱ्याचदा एकाच भागात दोन्ही होतं.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, कोरियन सिरियल साधारण सोळा भागांची असते. सोळा! आपल्याकडे सोळा भागांत नवऱ्या मुलीची हळद पण उतरत नाही. तिकडे आठवड्याला दोन भाग आणि दोन महिन्यांत खेळ खलास. चायनीजचं तसं नाही. तिथली 2011 ची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' ही राजवाड्यातली सिरियल 76 भागांची आहे, आणि अमेरिकेत दाखवताना तिचे कापून दीड-दीड तासांचे सहा भाग केले. शहात्तरचे सहा! पण मला विचाराल तर मला ते सहा नकोत, शहात्तरच द्या. कारण त्यात एक लाडकी राणी आहे, हुआ फेई, तिचा भाऊ मोठा सेनापती, आणि सम्राट तिच्यासाठी खास धूप पाठवतो, जो दुसऱ्या कुणालाच मिळत नाही. ती मिरवते त्यावरून, महालात सतत जाळते, आणि दुसरीकडे मूल होत नाही म्हणून औषधं पीत बसते. आणि त्या धुपातच कस्तुरी असते, तिला मूल होऊ नये म्हणून घातलेली! का, तर तिला मुलगा झाला तर भाऊ डोईजड होईल. तो सेनापती इतिहासात खरंच होऊन गेला बरं का, 1726 साली युंगझंग सम्राटाने त्याला स्वतःचा जीव घ्यायला लावला. आता सांगा, हे सगळं सहा भागांत कसं काय मुरणार? दीडपट स्पीडने सिरियल बघणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते रेडिओवर बोलता येणार नाही, म्हणून सोडून देते.

वैताग कशाचा, तर आवाजाचा. त्या सिरियलच्या हिरॉइनचा, सुन लीचा, आवाज तिचा स्वतःचा नाहीच, दुसऱ्या डबिंग आर्टिस्टचा आहे. तिकडे ही सर्रास पद्धत, सेटवर गोंगाट, नटांच्या बोली वेगवेगळ्या, म्हणून नंतर स्टुडिओत आवाज चढवतात. ओठ एक म्हणतात, कानाला दुसरंच ऐकू येतं. आणि हल्लीच्या चायनीज सिरियलींत सगळ्यांचे चेहरे सोललेल्या उकड्या अंड्यासारखे गुळगुळीत, रणांगणावरून आलेला माणूससुद्धा.

बरं, आता मला जे खरं सांगायचंय ते. 'रिप्लाय 1988' नावाची कोरियन सिरियल आहे, 2015-16 ची. सोलमधली एक गल्ली, पाच घरं. पहिल्याच भागात जेवायच्या वेळी या घरची आई पोराच्या हातात वाडगा देते, जा त्यांच्याकडे देऊन ये, ते घर परत काहीतरी देतं, आणि सगळी पोरं वाडगे घेऊन गल्लीभर पळतायत. आमच्या सासूबाईंनी हे बघितलं आणि चष्मा पुसून नीट बसल्या. सबटायटल इंग्रजी, ती काय त्यांना वाचता येत नाहीत, मग माझी मुलगी वाचून मराठीत सांगायची आणि आई मटार सोलत ऐकायच्या. नावं त्यांनी ठेवलीच नाहीत लक्षात. थोरली, मधली, धाकटा, आणि जामीन राहिलेला बाप. बाप बँकेत नोकरीला, पण मित्राला जामीन राहिला आणि अख्खं कुटुंब तळघरातल्या खोल्यांत आलं. मधलीचा वाढदिवस दरवर्षी थोरलीच्याच केकवर उरकून टाकतात, त्या भागाला आईंच्या डोळ्याला धार, कारण त्या स्वतः मधल्या.

तर आमच्याकडे भिशी होती. मी आत पोहे परततेय आणि बाहेर आई बायकांना सांगतायत, "थोरली हुशार हो, मोठ्या युनिव्हर्सिटीत आहे, चष्मा आहे, तोंडाने जरा फटकळ, पण बापाने जामीन राहून घर घालवलं, त्या पोरीचं काय चुकलं?" खालच्या मजल्यावरच्या काकू एकदम पुढे सरकल्या. म्हणाल्या, "जामिनाचं काय घेऊन बसलात, आमच्या ह्यांनी पतसंस्थेत हात पोळून घेतलेतच की. मुलगी शिकलेली आहे ना? आमच्या भाच्याला बघतोय आम्ही. पत्रिका मिळेल का?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. आणि आमच्या आई! जराही न बिचकता म्हणतात, "पत्रिकेला उशीर झाला. जमलंय तिचं, शेजारच्याच मुलाशी. तिच्या मधल्या बहिणीबरोबरचा आहे, वयाने लहान. पण घोळ असा झालाय की आडनाव एकच निघालं."

झालं! बायका पेटल्या. एक म्हणते, आडनाव एक असलं म्हणून काय झालं, देवक बघा. दुसरी म्हणते, मूळ गाव कुठलं? आई म्हणतात, मूळ गावही एकच. "मग भाऊबंदच की हो!" तिसरी म्हणते, आता कोण बघतंय गोत्रबित्र, पोरं राजी तर कसलं काय. कुकरच्या शिट्ट्या माझ्या, बाहेर वाद त्यांचा, आणि शेवटी माझी मुलगी ओरडली, "अगं आजी सांग ना त्यांना, ती कोरियाची आहे!"

काकू म्हणाल्या, "कोरेगावची? अगं मग आधी नाही का सांगायचं, कोरेगावात माझी नणंद दिलीय, आजच फोन करून चौकशी करते!"

शेवटी टीव्ही लावून थोरली दाखवावी लागली. काकूंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, वर म्हणाल्या, रंग चांगलाय. आणि मग भिशीची चिठ्ठी राहिली बाजूला, सगळ्या जणी तिथेच बसल्या, लग्न होतं का नाही ते बघायला. होतं. ज्यांनी बघितली नाही त्यांनी आधीच कान झाकायला हवे होते.

आता थोडी माहिती, कारण वेळ संपत आलीये. तो आडनावाचा घोळ लेखिकेने उगाच घातलेला नाही. कोरियात एक आडनाव आणि एकच मूळ गाव असलेल्यांना लग्नाची कायद्यानेच बंदी होती. कायद्याने! 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. त्यात किम, ली आणि पार्क ही तीनच आडनावं धरली तरी जवळपास निम्मा देश होतो, तेव्हा विचार करा किती जणांची पंचाईत झाली असेल.

पण म्हणून कोरियनवाल्यांना मी सोडणार नाही. 'रिप्लाय'चा एकेक भाग जवळपास दीड तासाचा आणि असे वीस, सोळा नव्हे, वीस. त्यात अर्धा वेळ मधलीचा नवरा कोण होणार याचा अंदाज बांधत बसायचं. मला त्या नवऱ्यात काडीचा रस नव्हता, मला वाडग्यात काय आलं ते बघायचं होतं. आणि बाकीच्या सिरियलींत जाहिराती! 2010 पासून तिकडे गोष्टीतच माल दाखवायला परवानगी आहे, म्हणून जीव वाचवून पळालेला हिरो आधी सँडविच खाऊन घेतो, कागदावरचं नाव कॅमेऱ्याला दिसेल असं धरून. बाराव्या भागानंतर कुणाचीतरी स्मृती जाणार नाहीतर दोघं लहानपणी भेटलेले निघणार. प्रेमकथा हा त्यांचा सगळ्यात कच्चा भाग, असं माझं स्पष्ट मत आहे. माझी मुलगी यावर माझ्याशी बोलत नाही.

चीनमध्ये 2020 साली सरकारने चाळीसच्या वर भाग नकोत असं बजावलं होतं, 2025 मध्ये ती अट सैल केली, पण शहात्तर भागांची राणी काही रोज रोज होत नाही. तेव्हा जुनी आहे ती बघून घ्या. आणि घरात वयस्कर कुणी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन सबटायटलची अक्षरं मोठी करून द्या, नाहीतर वाचून दाखवायला नातवंडं बसवा. भिशीच्या दिवशी मात्र टीव्ही बंद. नमस्कार.