घराणं नसलेलं वाद्य: मानू डेलागो आणि त्याचं हांग

(दृश्य: इन्सब्रुक शहर, इन नदीवरचा पूल, मागे आल्प्सचे डोंगर. पार्श्वभूमीला हांगचे सुटे सूर.)

ऑस्ट्रियातला टिरोल प्रांत. डोंगरांनी वेढलेलं इन्सब्रुक. मानू डेलागोचा जन्म इथला, 1984 सालचा. घरात संगीत होतंच, वडील हेर्मान डेलागो स्वतः संगीतकार. मानू लहानपणी ड्रम्स, अकॉर्डियन आणि पियानो शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात रॉक बँडमध्ये ड्रम्स वाजवू लागला.

विशीच्या उंबरठ्यावर त्याच्या हाती एक वाद्य आलं. त्याला तेव्हा ना गुरू होता, ना पुस्तक, ना कुणी बुजुर्ग वादक. असणार तरी कसा? वाद्यालाच जन्माला येऊन जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती.

(दृश्य: हांगचा क्लोजअप. बोटं पत्र्यावर पडतात आणि लगेच उचलली जातात.)

या वाद्याचं नाव हांग. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर यांनी ते घडवलं. त्यांच्या कार्यशाळेचं नाव पानआर्ट. रोनर अनेक वर्षं त्रिनिदादचे स्टीलपॅन बनवत होते, म्हणजे तेलाच्या पिंपांतून जन्मलेलं, काठीने वाजवायचं वाद्य. 1999 मध्ये रेटो वेबर नावाचा स्विस तालवादक त्यांच्याकडे आला. तो आपला दक्षिणेतला घटम वाजवायचा. हाताने वाजवता येईल असा पोलादी घटम हवा आणि त्यात थोडे सूरही हवेत, अशी त्याची इच्छा होती. त्या मागणीतून 2000 साली हांग तयार झालं. कर्नाटक संगीतातल्या मातीच्या मडक्याचं या पोलादी वाद्याशी असं थेट नातं आहे, आणि ते आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

दोन कढया तोंडाला तोंड लावून चिकटवाव्यात तसा त्याचा आकार. व्यास साधारण अर्धा मीटर. वरच्या बाजूला मधोमध एक उंचवटा, त्याला डिंग म्हणतात. हा सगळ्यात खालचा सूर. त्याच्याभोवती गोलाकार सात-आठ स्वरांच्या जागा. खालच्या बाजूला मधे एक भोक, त्यातून हवेचा घुमारा येतो, घटमासारखाच. प्रत्येक स्वराची जागा हातोडीने ठोकून अशी जुळवतात की एका टिचकीत मूळ सूर, त्याचा वरचा षड्ज आणि त्याच्यावरचा पंचम, तिन्ही एकत्र बोलतात. कान भरून जातो तो त्यामुळे.

बोट मात्र टेकून ठेवायचं नाही. टेकलं की सूर मेला. तबल्यावर खुला बोल वाजवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

(दृश्य: लंडन, संध्याकाळची वेळ, टेम्स नदीचा काठ.)

मानूने पाश्चात्त्य अभिजात तालवाद्यांचं शिक्षण इन्सब्रुकमध्ये घेतलं. मग लंडनला जाऊन गिल्डहॉल या संगीतशाळेत जॅझ ड्रम्स शिकला, पुढे रचनाशास्त्रही शिकला. हांग मात्र त्याला कुणी शिकवलं नाही. ड्रमरचे हात होते आणि पियानोवर तयार झालेला कान होता, त्यांच्या जोरावर त्याने वाट काढली. डावा हात ठेका धरतो, उजवा चाल वाजवतो, मधेच दोन्ही हात कामं बदलतात. स्वरांच्या मधल्या कोऱ्या पत्र्यावरही तो वाजवतो, तिथून कोरडा, टणक आवाज निघतो. एकटा माणूस बसलाय आणि दोघं वाजवताहेत असं वाटतं.

यूट्यूब नवं होतं त्या काळात त्याने 'मोनो डिझायर' ही आपली रचना तिथे टाकली. लाखो लोकांनी ती पाहिली. हांग म्हणजे काय हे जगातल्या असंख्य लोकांना त्या काही मिनिटांत पहिल्यांदा कळलं. बर्नमध्ये तेव्हा हांग मिळवणं सोपं नव्हतं. हाताने पत्र लिहायचं, बोलावणं आलं तर स्वतः बर्नला जायचं. 2013 च्या अखेरीस पानआर्टने हांग बनवणं थांबवलंच. तोवर इतर देशांतले कारागीर तशी वाद्यं घडवू लागले होते आणि त्यांना हँडपॅन हे नाव मिळालं होतं.

(दृश्य: मोठा रंगमंच, निळा प्रकाश.)

2011 मध्ये आइसलँडची गायिका ब्योर्क हिने 'बायोफिलिया' या प्रकल्पासाठी मानूला घेतलं. मंचावर विजेच्या ठिणग्यांतून सूर काढणारं यंत्र, लंबकांवर झुलणारी हार्प, आइसलँडच्या मुलींचा मोठा कोरस. या सगळ्या गजबजाटात मानूचं हांग हरवलं नाही.

आपल्याला जवळचा वाटणारा टप्पा त्यानंतरचा. सतारवादक अनुष्का शंकर हिचा 'ट्रेसेस ऑफ यू' हा अल्बम 2013 मध्ये आला. तो घडत असतानाच, डिसेंबर 2012 मध्ये, पंडित रविशंकर गेले. त्या अल्बममध्ये मानूचं हांग आहे. 2016 च्या 'लँड ऑफ गोल्ड'मध्ये तर तो तिचा रचनेतला भागीदार झाला. निर्वासितांच्या दुःखावरचा हा अल्बम. मैफिलीत चौघं असायचे: अनुष्काची सतार, संजीव शंकर यांची शहनाई, टॉम फार्मरचा बास आणि पियानो, आणि मानू.

इथे जरा थांबून ऐकायला हवं. सतारीचा जीव मिंडेत आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्यात. हांगवर मिंड नाही. सूर जिथे ठोकून बसवला, तिथेच राहणार. मग ही जोडी जमते कशी? मानू सतारीच्या मागे धावत नाही. तो आपले मोजके सूर फिरवत राहतो, जमीन तयार करतो, आणि सतारीला त्यावर हवी तशी ओढ घेता येते. साथ करणं ही केवढी मोठी विद्या आहे, हे आपल्या तबलजींनी आणि पेटीवाल्यांनी आपल्याला शिकवलंय. तीच समज या टिरोलच्या माणसात दिसते.

(दृश्य: खोलीत लॅपटॉप उघडा, समोर मांडीवर हँडपॅन घेऊन बसलेली मुलगी.)

आता शिकण्याचं बघू. आज सर्रास दिसणाऱ्या हँडपॅनची सुरावट अशी: मधे मंद्र सा, भोवती मंद्र पंचम, कोमल ध, कोमल नी, मग सा, रे, कोमल ग, म, प. म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे सूर. पण शेजारच्या घरातल्या हँडपॅनवर दुसरीच सुरावट असू शकते, त्यामुळे एकाची चाल दुसऱ्याच्या वाद्यावर बसेलच असं नाही. म्हणून शिकवणारे स्वरांना खालून वर आकडे देतात. आकडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे नागमोडी जातात, कारण दोन्ही हातांना आलटून पालटून काम मिळावं अशीच ती मांडणी असते. या वाद्याची पहिली पिढी पडद्यासमोर बसून शिकली. मानूसारख्यांचे व्हिडिओ थांबवत, मागे नेत, हाताकडे बघत.

आणि इथे एक धोकाही आहे. हँडपॅनवर कुठेही बोट मारा, गोडच वाजतं. बेसूर व्हायची सोयच नाही. त्यामुळे बरेच जण त्या गोडव्यातच रमून जातात. मला मानूचं मोल वाटतं ते याचसाठी. त्याने या वाद्याकडून काम करून घेतलं. दोन-तीन हांग समोर मांडून सुरांची कमतरता भरून काढली, व्हायोलिन-चेलोबरोबर वाजवलं, ऑर्केस्ट्रासोबत वाजवलं, लयीला कस लावला.

(दृश्य: बर्फाळ कडे, दोर बांधून चढणारी माणसं, पाठीवर वाद्यांची ओझी.)

2018 मध्ये आलेल्या 'पॅरासोल पीक' या अल्बमसाठी तो सात वादकांचा चमू घेऊन आल्प्स चढला. खाली रानात एक रचना, वर कड्यावर दुसरी, अशी वाटेत थांबून वाजवत आणि तिथल्या तिथे ध्वनिमुद्रण करत. गारठलेल्या हातांनी हांगवर नाजूक बोल काढणं किती कठीण असेल, ज्यांनी थंडीत तबला वाजवलाय त्यांनाच कळेल. 2021 मध्ये त्याने ऑस्ट्रियाभर दौरा केला तो सायकलवरून, वाद्यं आणि ध्वनिसामग्री सायकलींमागे ओढून, हजार किलोमीटरहून जास्त. मैफिलींच्या दौऱ्यांतून होणारं प्रदूषण त्याला खुपत होतं, म्हणून त्याने आपल्या पायांवर भरवसा टाकला.

त्याचं काम ऐकायचं असेल तर सुरुवात 'मोनो डिझायर'पासून करा. मग 'लँड ऑफ गोल्ड' लावा, आणि सतारीखालचं हांग ऐकण्यासाठी हेडफोन जरूर वापरा. मोबाइलच्या स्पीकरवर डिंगचा खर्ज पोहोचत नाही.