पंप जागच्या जागी, मालक मात्र परदेशी!

नमस्कार मंडळी. हातात आहे ते आमच्या आजोबांचं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, १९५४ सालचा. त्याआधीचे कागद उर्दूत. वाचून घ्यायला परभणीत माणूस शोधत फिरलो. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र. शेत तिथंच, नाव आजोबांचंच. (आपला मुक्तिसंग्राम वेगळा, परक्याचा कब्जा वेगळा. कॉमेंटमध्ये भांडू नका.)

आता चला क्रिमियात, युक्रेनच्या द्वीपकल्पात. मार्च २०१४. युक्रेनी कंपन्यांचे तिथं पेट्रोल पंप. रशियानं प्रदेश घेतला, मागोमाग पंपही गेले. दाद कुठं मागायची?

१९०७ चे हेग नियम आहेत, युद्धात दुसऱ्याच्या प्रदेशाचा ताबा घेणाऱ्यानं कसं वागायचं ते सांगणारे. कलम ४६ सांगतं, कब्जेदाराला खाजगी मालमत्ता जप्त करता येत नाही. कलम ५५ सरकारी जमिनी, इमारती, जंगलांबद्दल आहे, आणि ते आपल्या लोकांना वकिलाशिवाय कळतं. बटईनं शेत केलं तर सोयाबीन वाटून न्या. पण बांधावरचा आंबा तोडून लाकूड विकलं, तर मालक काठी घेऊन येईल ना? कब्जेदार तसाच बटईदार, मालक नव्हे.

पण हे नियम देशादेशांतले. पंपवाल्याला त्यावर थेट भरपाईचा दावा लावायची सोय नाही. मग वकिलांनी दुसरा कागद काढला: रशिया आणि युक्रेनमधला १९९८ चा गुंतवणूक करार. एका देशाच्या माणसानं दुसऱ्याच्या भूभागात पैसा घातला तर त्याला संरक्षण, वाद झाला तर लवाद.

रशिया म्हणाला, अहो, यांनी पैसा घातला तो स्वतःच्याच देशात! हे परदेशी गुंतवणूकदार कसे? ऐकायला बिनतोड. त्यात युक्रेन म्हणतं क्रिमिया आमचंच, मग त्याला रशियाचा भूभाग कोणत्या तोंडानं म्हणायचं? लवादांनी सार्वभौमत्वाच्या वादात न शिरता ताबा कुणाचा ते पाहिलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानंही पंपांच्या दोन प्रकरणांत रशियाचा आक्षेप फेटाळला. मला विचाराल तर बरोबरच केलं. वाटणीला हजर आणि कर्जाला गैरहजर, असा भाऊ प्रत्येक गावात असतो.

ओशादबँक ही युक्रेनची सरकारी बँक. तिचं प्रकरण तारखेवर अडकलं. २०१८ मध्ये १.३ अब्ज डॉलरचा निवाडा मिळाला. २०२१ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टानं तो रद्द केला, कारण करार १ जानेवारी १९९२ नंतरच्या गुंतवणुकीपुरता. डिसेंबर २०२२ मध्ये वरच्या कोर्टानं तेही फिरवलं. तालुक्याच्या कोर्टात चपला झिजवलेल्यांना हे नवीन नाही.

नाफ्टोगॅझ या युक्रेनच्या सरकारी तेल-वायू कंपनीला एप्रिल २०२३ मध्ये हेगमध्ये ५ अब्ज डॉलर मंजूर झाले. म्हणजे हुकूमनामा हातात आला, पुढं दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाडा देशोदेशीच्या कोर्टांत नेता येतो, पण वकिलातीच्या इमारतीला हात लावता येत नाही. रशियाची व्यापारी कामातली मालमत्ता कुठं आहे, ती स्वतःच हुडकायची आणि त्या त्या कोर्टात दाखवायची.