खारीचं पिल्लू सापडलंय? दुधाची वाटी आधी खाली ठेवा

नमस्कार मंडळी. हा व्हिडिओ लावणाऱ्या बऱ्याच जणांच्या समोर आत्ता एक पिल्लू असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येते. हातात दुधाची वाटी असेल तर ती खाली ठेवा. पिल्लाला आधी ऊब हवी. दुधाचं नंतर बघू.

खारीचं पिल्लू जन्मतं तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. अंग गरम ठेवणं त्याला स्वतःचं स्वतः जमत नाही. ती ऊब आईची आणि भावंडांची असते. घरट्यातून फरशीवर पडलं की थोड्याच वेळात ते गार होतं, आणि गार पिल्लाचं पोट काम करत नाही. अशा वेळी दूध पाजलं तर ते पचत नाही, पोटात तसंच राहतं, पोट फुगतं. "रात्री छान दूध प्यायलं होतं हो, सकाळी बघतो तर गेलेलं." हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि त्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

[खोका दाखवत]

बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकणाला भोकं पाडा. आत जुना, धुऊन मऊ झालेला टी-शर्ट घाला. टॉवेल घालू नका, त्याच्या धाग्यांत पिल्लाची नखं अडकतात. बाटलीत कोमट-गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. जास्त गरम झालं तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता आलं पाहिजे. पाणी निवलं की बदलायचं, रात्रीसुद्धा. पिल्लाच्या पोटाला बोट लावून बघा, ते बोटाला उबदार लागेपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही.

ऊब मिळतेय तोवर अंग नीट तपासा. मुंग्या असतील तर हलक्या हाताने काढा. कातडीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले दिसले तर ती माशीची अंडी असतात, तीही काढावी लागतात. नाकातून रक्त, लोंबणारा पाय, किंवा मांजराने तोंडात धरलं होतं अशी शंका, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. मांजराच्या दाताची जखम वरून दिसतही नाही, पण तिच्या तोंडातले जंतू इतक्या लहान जिवाला फार लवकर संपवतात. अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं.

आता आई. पिल्लू उबदार आहे, जखम नाही, तर पहिला प्रयत्न आईकडे परत देण्याचाच करा. "माणसाचा हात लागला की आई घेत नाही" हा समज कृपा करून डोक्यातून काढा. ती घेते. खार पिल्लाला तोंडात धरून एका घरट्यातून दुसऱ्यात नेते, तिची दुसरी जागा बरेचदा तयारच असते. खोका उघडा करून, बाटलीसकट, झाडाच्या बुंध्याशी किंवा ज्या ग्रीलमध्ये घरटं होतं तिथेच उंचावर ठेवा. मग लांब जा, दाराआडून बघा. कावळे आणि मांजरं येऊ नयेत म्हणून कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं. खार दिवसा वावरणारी, त्यामुळे हे सगळं उजेडात करायचं. अंधार पडेपर्यंत ती आली नाही तर पिल्लू आत घ्या आणि सकाळी पुन्हा ठेवा. पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये फांद्या छाटतात तेव्हा अशी घरटी पडतात, आणि अशा वेळी आई जवळपासच चिरकत असते. ती आहे, तिला फक्त वेळ द्या.

आई आलीच नाही तर वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात हेल्पलाइन १९२६ आहे. जवळ प्राणी वाचवणारी संस्था असेल तर तिच्याकडे सोपवणं उत्तम. खार हा वन्य प्राणी आहे. आपण तिचं पिल्लू जगवायचं ते सोडण्यासाठी, सोफ्यावर खेळवण्यासाठी नाही. आपल्याकडे तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन खारी दिसतात, दोघींच्या पिल्लांची काळजी सारखीच. शेकरूचं पिल्लू दिसलं तर मात्र स्वतः काही करू नका. तो आपला राज्यप्राणी, थेट वनविभागालाच फोन लावा.

मदत मिळेपर्यंतचं खाणंपिणं सांगते. पहिलं पाजणं दुधाचं नसतंच. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवा, कोमट करा आणि तेच द्या. खांद्यामागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती हळूहळू खाली बसत असेल, तर अंगात पाणी कमी आहे.

गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं दूध नको. त्यातली साखर पिल्लाला पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा देहाला जुलाब झेपत नाहीत. बाळाची दूधपावडरही नको. प्राण्यांच्या दुकानात किंवा पशुवैद्याकडे कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, ती आणा. सुरुवातीला पातळ करा, दोन-तीन वेळा पचलं की डब्यावरच्या मापाने. उरलेलं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

[सिरिंज दाखवत]

ही एक मिलीची सिरिंज, सुई काढलेली. पिल्लाला कधीही उताणं धरून पाजायचं नाही. पोट खाली, डोकं किंचित वर, जसं ते आईला प्यायलं असतं तसं. एक थेंब ओठाला लावा, ते चाटेल, मग दुसरा. घाई केली की दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा. नंतर श्वासाला टिकटिक आवाज यायला लागला तर तो न्यूमोनिया असू शकतो, डॉक्टरांकडे पळा.

किती पाजायचं? वजनाच्या साधारण पाच टक्के. वीस ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी एक मिली. छोटा डिजिटल काटा घ्या आणि रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा; पिल्लू सुधारतंय की नाही हे त्या वहीतच कळतं. गुलाबी पिल्लाला दर दोन तासांनी, रात्रीही. अंगावर लव आली की तीन तासांनी. डोळे उघडले की चार तासांनी.

आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. डोळे मिटलेल्या पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा शेपटीखाली हलकेच फिरवायचा, शू होईपर्यंत. हे राहून गेलं तर पोट ताठतं आणि पिल्लू वेदनेत जातं.

डोळे उघडले, दात आले की दुधासोबत हळूहळू घन अन्न: बिया काढलेलं सफरचंद, पेरू, चिकू, काकडी, मोड आलेले मूग, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, कोवळी पानं, कळ्या. कच्चे शेंगदाणे अगदी थोडे. बिस्किट, फरसाण, चॉकलेट, मीठ लावलेलं काहीही नको. दाणे आणि बिस्किटांवर वाढवलेल्या खारीची हाडं कॅल्शियमअभावी मऊ पडतात, मागचे पाय ओढत चालायला लागते. फार वाईट दिसतं ते, आणि टाळता येतं. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे एका समुद्री जिवाचं कॅल्शियम असलेलं पांढरं कवच, आणून पिंजऱ्यात ठेवा, खार ते कुरतडते. सकाळचं कोवळं ऊन थेट मिळू दे, काचेतून नाही. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून पेरूची फांदी, करवंटी द्या.

दूध सुटलं की हाताळणं बंद करायचं. लाडिक बोलणं, खांद्यावर बसवणं, सगळं. माणसाला न घाबरणारी खार बाहेर पडली की मांजरालाही घाबरत नाही. जाळीचा मोठा पिंजरा झाडाजवळ किंवा गॅलरीत ठेवा, आत फांद्या आणि काथ्या भरलेली करवंटी. बाहेरचे आवाज, इतर खारी तिला कळू द्या. ती चपळ झाली, स्वतः फोडून खाऊ लागली, हात नेला की चिरकून पळू लागली, की कोरड्या दिवशी सकाळी दार उघडा. मुसळधार पावसात नको. त्यानंतरही काही दिवस पिंजरा तिथेच, दार उघडं, आत थोडं खाणं आणि पाणी. ती रात्री झोपायला परत येईल, मग एखाद्या दिवशी येणार नाही. सलग आठवडाभर खाणं तसंच राहिलं की पिंजरा उचला, गरम पाण्याने धुवा आणि वाळवून ठेवा.