गोळी, उतार आणि तिचा चेहरा

[दृश्य : वाड्यातली खोली. डबा टीव्ही. कॅसेट पुसणारे हात.]

पंचवटीत गोदाघाटावरून वर आलं की जुन्या वाड्यांची एक गल्ली लागते. त्यातल्या एका वाड्यात, ओसरीलगतच्या खोलीत, काका जुने टीव्ही गेम दुरुस्त करतात. आज त्यांच्यासमोर सेगा मेगा ड्राइव्ह आहे. कॅसेटच्या पट्ट्या ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसतात. फुंकर मारायची नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला बजावतात. लहानपणी आपण सगळ्यांनीच मारली. पण तोंडातली वाफ त्या पट्ट्यांवर बसते आणि पट्ट्या गंजत जातात.

कॅसेट बसते. कळ सरकते. पडद्यावर नाव येतं : ड्रॅगन्स फ्युरी.

गेम पिनबॉलचा, म्हणजे उतरत्या पटावरून घसरणारी गोळी पुन्हापुन्हा वर उडवत राहण्याचा. आणि मुळात जपानी. १९९० साली कंपाइल या कंपनीने पीसी इंजिन या कन्सोलसाठी तो केला, तेव्हा त्याचं नाव होतं डेव्हिल क्रॅश. पुढच्याच वर्षी टेक्नोसॉफ्टने तो मेगा ड्राइव्हवर आणला आणि जपानबाहेर त्याचं ड्रॅगन्स फ्युरी असं बारसं झालं. कंपाइलचाच १९८८चा एलियन क्रश याच्या आधीचा. त्यात पट दोन पडद्यांचा होता. गोळी वर गेली की चित्र झटकन बदलायचं आणि डोळा मागे राहायचा. इथे पट तीन पडदे उंच आहे आणि तो गोळीबरोबर सरकत राहतो. एवढ्याशा बदलाने गोळीवरची नजर सुटत नाही.

[दृश्य : खिळे ठोकलेला लाकडी पट. दांडा मागे ओढला जातो.]

हा खेळ नाशिककराला नवा वाटू नये. कालिकेच्या यात्रेतून आणलेला असा पट आमच्याकडे होता. बॅगाटेल. दांडा ओढायचा, सोडायचा; छर्रा खिळ्यांवर आपटत, टणटणत खाली यायचा. आपण फक्त बघायचं. पिनबॉल याच घराण्यातला. स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ साली घेतलं. पण खाली पडणारी गोळी परत वर उडवता येईल असे फ्लिपर, म्हणजे बटण दाबल्यावर उडणारे छोटे दांडे, यायला १९४७ उजाडावं लागलं. गॉटलिब कंपनीच्या हम्टी डम्टी या मशीनवर ते पहिल्यांदा बसले. तोवर खेळ नशिबाचा होता. त्यानंतर हाताचा झाला.

आता या पडद्याकडे नीट बघा. काच उभी आहे. उतार कुठेच नाही. तरी गोळी खाली येते, येताना वेग घेते, कडेला घासली की वळते. हा उतार म्हणजे निव्वळ आकडेमोड. गोळी कुठे आहे, किती वेगाने जाते आहे, कशाला लागली, हे दर सेकंदाला अनेक वेळा नव्याने मांडायचं. आणि मेगा ड्राइव्हच्या प्रोसेसरला दशांश चिन्हाचे आकडे थेट हाताळता येत नाहीत. सगळा हिशेब पूर्णांकांत बसवावा लागतो. तरीही ज्याचा हात लाकडी पटावर तयार झालाय, त्याला गोळी कुठे पडणार हे आधीच कळतं. मला या गेममध्ये सगळ्यात जास्त भावतं ते हे. कवट्या आहेत, चिलखत घातलेले सैनिक आहेत, डोक्यावरून वस्त्र ओढलेले साधक आहेत, सगळं कल्पनेतलं. गोळीचं पडणं मात्र खरं आहे.

[दृश्य : पटाचा मधला भाग. मिटलेले डोळे.]

आणि मधोमध ही. डोळे मिटलेली, शांत, सुंदर स्त्री. गोळी आपटत राहते तसतसा तिचा चेहरा बदलतो. डोळे उघडतात, कातडी सापासारखी होते, जबडा वासतो. खऱ्या पिनबॉलच्या लाकडावर रंगवलेला चेहरा असा कधी बदलू शकला नसता. त्यासाठी टीव्हीचाच पडदा हवा.

जपानी चित्रकारांनी ती कशावरून काढली असेल ती असो. पण मी तपोवनाच्या वाटेवर लहानाचा मोठा झालो. सुंदर रूप घेऊन पंचवटीत आलेली आणि मग राक्षसीण म्हणून उभी राहिलेली शूर्पणखा आम्हाला आजीने याच नदीकाठी सांगितली. नासिका कापली म्हणून नाशिक, हेही तिनेच सांगितलं. हा चेहरा बदलताना पाहिला की मला आजीचा खाली गेलेला आवाज ऐकू येतो.

मूळ गेममध्ये ९९,९९,९९,९९० गुण झाले की शेवट दिसतो. शंभर कोटींना दहा कमी. एका बैठकीत ते होणं अवघड, म्हणून गेम पासवर्ड देतो. काकांच्या वहीत असे पासवर्ड पानंच्या पानं आहेत. काही गिऱ्हाइकांचे, काही त्यांच्या मुलीचे, शाळेत असतानाच्या अक्षरातले.

[दृश्य : काकांचे हात, मग पडदा.]

मी खेळतो. गोळी खाली येते आणि मी दोन्ही फ्लिपर एकदम उडवतो. गोळी मधून निसटते.

"घाई करतोस," काका म्हणतात. "एकच उचलून धर. येऊ दे तिला."

पुढची गोळी येते. मी डावा फ्लिपर उचलून धरतो. ती घरंगळत येते, कुशीत शिरल्यासारखी त्याच्या मुळाशी थांबते. वर ती स्त्री अर्धी बदललेली आहे. एक खेळी अजून हातात आहे.