तीन वाद्यं, एक फुंकर

नमस्कार, श्रोतेहो.

लग्नघरी सनईवाल्याशेजारी सूर धरून बसलेला साथीदार आठवतो ना? गाल फुगलेले, आणि सूर तुटत नाही म्हणजे नाही. तोंडातली हवा बाहेर जात असतानाच नाकाने श्वास आत येतो. आता असं समजा, की सूर धरणारा आणि सनई वाजवणारा हा एकच माणूस आहे. आणि त्याच्याच तोंडात आणखी एक, तिसरं वाद्य आहे!

या माणसाचं नाव रोलंड कर्क. गाव कोलंबस, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. तान्ह्या वयातच त्याची दृष्टी गेली. आज ऐकायचाय त्याचा ‘वी फ्री किंग्ज’ हा अल्बम, १९६१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेला. याला हार्ड बॉप म्हणतात. म्हणजे बीबॉप या वेगवान जॅझमध्ये काळ्या लोकांचं ब्लूज आणि त्यांच्या चर्चमधलं गाणं मिसळलेलं. व्याख्या एवढी पुरे, कारण मला एका तळघराची गोष्ट सांगायची आहे.

कर्क तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. एका रात्री स्वप्न पडलं, की आपण तीन वाद्यं एकाच वेळी वाजवतोय. उठला तो वाद्यांच्या दुकानात गेला. होती नव्हती ती फुंकवाद्यं वाजवून पाहिली. स्वप्नातला आवाज एकातही नाही! शेवटी त्याला तळघरात नेलं. तिथे अडगळीत पडलेला माल. कुणी विचारत नाही असला. त्यात त्याच्या हाताला दोन वाद्यं लागली. दोन्ही सॅक्सोफोनच्याच घराण्यातली. एकाचं तोंड वळवलेलं, त्याला तो मंझेलो म्हणे. दुसरं सनईसारखं सरळसोट, ते स्ट्रिच. तिसरा नेहमीचा टेनर सॅक्सोफोन. वाद्यं तीन आणि हात दोनच. म्हणून त्याने चाव्यांमध्ये फेरफार केले, बोटांना नवी वळणं लावली. अडगळीतली वाद्यं, श्रोतेहो! ज्यांना गिऱ्हाईक नव्हतं, त्यांनी या पोराचं स्वप्न खरं केलं.

काही समीक्षकांनी याला तमाशातली करामत ठरवलं. मला हे मुळीच पटत नाही. करामत एकदा पाहून संपते, आणि हा अल्बम मी इतकी वर्षं ऐकतोय.  

अल्बमच्या नावाचं एक सांगतो. तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला येतात, ते ‘वी थ्री किंग्ज’ हे नाताळचं गाणं गोव्यात, वसईत अनेकांच्या कानावर असेल. कर्कने त्यातल्या ‘थ्री’चं ‘फ्री’ केलं. काळ्या अमेरिकनांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने पेटलेल्या त्या वर्षी! तीनचे झाले स्वतंत्र. एवढाच बदल, पण तीन वाद्यं वाजवणाऱ्या काळ्या माणसाने केलेला.

१९७५ मध्ये पक्षाघाताने त्याची एक बाजू लुळी पडली. त्याने वाद्यं पुन्हा बदलून घेतली आणि एका हाताने वाजवू लागला. १९७७ मध्ये गेला, तोवर वाजवत होता.

आता पहिली रचना, ‘थ्री फॉर द फेस्टिव्हल’. सुरुवातीला तिन्ही वाद्यं एकदम येतील. वादक तिघे नाहीत, एकच आहे, हे ध्यानात ठेवा. मग बासरी येईल, आणि बासरीच्या आत त्याचा स्वतःचा आवाज, गुणगुणणारा. तो ऐकू येईपर्यंत रेडिओजवळून उठू नका.